पंचेचाळीस हाच नॉर्मल

९ जानेवारी

ही डायरी बायकोच्या आज्ञेवरून. "घरी आल्या आल्या माझ्यावर डाफरण्यापेक्षा एखाद्या वहीवर डाफरत जा," म्हणाली. वही तिनेच आणून दिली. वर फुलं आहेत. पन्नाशीच्या रेडिओलॉजिस्टने फुलाफुलांच्या वहीत लिहायचं, पण आज डाफरण्यासारखं इतकं आहे की फुलं चालतील.

रेडिओलॉजिस्ट म्हणजे लोकांच्या आतलं बघून त्यांच्या डॉक्टरांना कळवणारा माणूस. सध्या मी एका खुळाच्या मागे लागलोय. एमआरआयमध्ये मेंदूला रक्त किती पोचतं ते मोजायचं, तेही सुई न टोचता. एरवी शिरेतून एक औषध सोडतात आणि ते मेंदूत कसं पसरतं ते बघतात. ज्यांच्या किडन्या गेल्या आहेत त्यांना ते औषध द्यायला कोणी धजत नाही. या नव्या पद्धतीत औषधाचं काम माणसाचं स्वतःचंच रक्त करतं. मानेपाशी यंत्राने त्या रक्ताला चुंबकाची खूण करायची, दोनेक सेकंद थांबायचं, ते वर पोचलं की फोटो काढायचा. मग खूण न करता दुसरा फोटो. एकातून दुसरा वजा केला की उरतं ते नुसतं रक्त. उरतं किती, तर शंभरात एक भाग. आत झोपलेल्याने डोकं जरा हलवलं की मुसळ केरात.

आज पहिला निरोगी माणूस आत घातला. आमचा वॉचमन, रात्रपाळी संपवून आलेला. बोगद्यात शिरला आणि घोरायला लागला. घोरण्याबरोबर डोकं डुलत होतं. चित्र आलं ते भगभगीत, आकडा (शंभर ग्रॅम मेंदूला मिनिटाला किती मिलीलिटर रक्त पोचतं तो) साठच्या वर, पण कडा सगळ्या विस्कटलेल्या. कंपनीचा इंजिनीअर शेजारी उभा होता. त्याला आम्ही 'होऊन जाईल' म्हणतो, कारण काहीही विचारा, उत्तर तेच.

"सर, हलल्यामुळे आकडा फुगलाय. माणूस जागा ठेवा. होऊन जाईल."

नमनालाच घडाभर तेल.

१२ जानेवारी

जागं ठेवायचा उपाय सापडला. घरचं कॉफीचं यंत्र उचलून डिपार्टमेंटला नेलं. ("माझं यंत्र नेलंस, तुझं यंत्र घरी आणू का मी?" इति बायको.) तपासायची माणसं सगळी हॉस्पिटलमधलीच, पाळी संपवून दमून येणारी. त्यांना आधी बाहेर बसवायचं, कडक कॉफी पाजायची, चार गप्पा मारायच्या आणि मग आत घालायचं. आज तिघं झाले, तिघंही टक्क जागे. टेक्निशियन बाई काचेमागून अंगठा दाखवत होत्या. अशी स्वच्छ चित्रं मी आजवर पाहिली नव्हती.

फक्त आकडा कमी येतोय. जगभरची पुस्तकं म्हणतात साठच्या आसपास यावा. आमच्या तिघांचा आला पंचेचाळीस, सेहेचाळीस, चव्वेचाळीस. आता हे काय नवीन?

१९ जानेवारी

आठवडा फुकट गेला. थांबायचा वेळ वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. डोक्याभोवती बसवतात तो यंत्राचा अँटेना बदलला. होऊन-जाईलने चाचणीची पाण्याची बाटली आत घालून दाखवली. बाटलीवर यंत्र ठणठणीत. माणूस घातला की पंचेचाळीस.

मी म्हणतो यंत्र चुकतंय, तो म्हणतो माणसं चुकतायत. "सर, तुमच्या स्टाफच्या डोक्यात रक्तच कमी असेल," म्हणाला आणि स्वतःच हसला. मी हसलो नाही. आमच्या अतिदक्षता विभागाच्या सिस्टरही आज येऊन गेल्या. दोन कप कॉफी पिऊन आत गेल्या. "सर, विज्ञानासाठी नाही हं, कॉफीसाठी येते मी." त्यांचाही पंचेचाळीस. तिघांची ड्यूटी एकटी सांभाळणाऱ्या बाईच्या डोक्यात रक्त कमी कसं असेल?

२३ जानेवारी

आजवर हे माझं खूळ होतं. आजपासून ते ताईचं काम आहे.

ताई माझ्याहून मोठी. कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते: चेन बदलणं, बाही आखूड करणं, कंबर आत घेणं. किडन्या गेल्या, एक दिवस आड डायलिसिस, तरी दुकान बंद नाही. गेल्या महिन्यात मशीनवर बसलेली असताना तिचा उजवा हात काही मिनिटं लुळा पडला आणि मग जागेवर आला. तपासण्या केल्या. मेंदूच्या बुडाशी, जिथून रक्त वर चढतं तिथे, दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या अरुंद होत चालल्यात.

आज सर्जनबाईंकडे गेलो. त्या मोजकं बोलतात. "डोक्याबाहेरची एक रक्तवाहिनी आत जोडून देता येते. पण यांच्या किडन्या बघता भूल देणं हाच मोठा धोका आहे. मेंदू खरोखर उपाशी असेल तरच मी हात घालीन. आहे की नाही, ते तुम्ही सांगा."

सांगणार कसं? औषध टोचून बघता येत नाही. दुसऱ्या एका तपासणीला किरणोत्सारी द्रव्य लागतं, ते आसपास कुठे मिळत नाही. उरली माझी बिनसुईची. त्यातही गंमत बघा: एकच बाजू अरुंद असती तर दुसरीशी ताडून पाहिलं असतं. दोन्ही सारख्याच, म्हणून ताईचा आकडा निरोगी माणसांच्या आकड्याशीच ताडायला हवा. आणि आमचा निरोगी आकडाच लंगडा.

ताई बाहेर येऊन म्हणाली, "तोंड का पाडलंयस? आजारी मी आहे ना?" मग तिने विचारलं की आत माणसाचं डोकं हलू नये म्हणून काय लावता. मी स्पंजचे तुकडे दाखवले. "शी! याला अभ्रे कोण शिवतं? दे इकडे, मी देते शिवून."

२ फेब्रुवारी

होऊन-जाईलच्या कंपनीतून कोणी थोर तज्ज्ञ फोनवर आले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते आज कळलं. माझं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "डॉक्टर, प्रत्येक यंत्राचा स्वभाव असतो. वीस निरोगी माणसं घ्या, सरासरी काढा, तो तुमचा नॉर्मल. अनेक ठिकाणी असंच करतात."

"पण साठचे पंचेचाळीस होतात, याला काही कारण असेल ना?"

"कारण शोधायला वर्ष जाईल. पेशंट थांबतील का?"

हा प्रश्न वर्मी लागला. पेशंट थांबणार नाही. तरी मी "नाही" म्हणालो आणि फोन ठेवला. मग एक कप कॉफी प्यालो. हल्ली माझेही दिवसाचे पाच-सहा होतात.

१० फेब्रुवारी

हात टेकले. अजून दोन वेळा कंपनीशी भांडलो, एकदा आमच्या मोठ्या साहेबांशी. साहेब म्हणाले, "सगळ्यांचा आकडा एकसारखा येतोय ना? मग तुझं यंत्र इमानदार आहे. तूच संशयी आहेस." सर्जनबाईंनी दोनदा निरोप पाठवलाय. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? विसाव्या माणसाला आज कॉफी पाजून आत घातलं आणि सरासरी काढली. पंचेचाळीस. भिंतीवर कागद लावला: या यंत्राचा नॉर्मल पंचेचाळीस, तीन-चार इकडेतिकडे.

कागद लावल्यावर इतकं हलकं वाटलं की वीस वेळा पाजलेल्या कॉफीचे कष्ट वसूल झाले.

ताईने स्पंजचे अभ्रे पाठवले. काय हे शिवणं! एका अभ्र्याची टीप निम्म्यात सरळ आणि पुढे वाकडीतिकडी, जणू मशीन चालवता चालवता ती दुसरीकडे बघत होती. फोनवर म्हटलं, "ताई, गिऱ्हाइकाला असं दिलंस तर तोंडावर फेकतील." म्हणाली, "घाईत झालं रे." भावाच्या कामाला घाई, गिऱ्हाइकाच्या कामाला निगुती. चालायचंच.

१४ फेब्रुवारी

ताईचा स्कॅन. तिचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, बरोबर होते. ते नुसतेच घड्याळ बघत होते, दुकानाचं शटर अर्धं उघडं टाकून आले होते म्हणे. मी ताईपुढेही कप धरला.

"घे, अर्धा तरी."

"दिवसाचं पाणी मोजून आहे माझं. तुझ्या कॉफीत कशाला घालवू? संध्याकाळी तहान लागली की जीव जातो."

"अगं, लोक रांग लावतात या कॉफीला."

"मग त्यांना पाज."

आत मात्र दगडासारखी पडून राहिली. वीस माणसांत इतकं स्थिर कोणी नव्हतं. काचेतून तिचे फक्त पाय दिसत होते, एका मोज्याला रफू केलेलं. आकडा यायला लागतात ती मिनिटं मी खुर्चीवर बसू शकलो नाही.

त्रेचाळीस!

आमच्या नॉर्मलच्या आत. दोन्ही बाजूंना सारखा. मी टेक्निशियन बाईंचा हात हातात घेऊन हलवला, त्या दचकल्याच. रिपोर्ट लगेच लिहिला: मेंदूचा रक्तपुरवठा या यंत्राच्या नॉर्मल मर्यादेत. इतक्या दिवसांच्या कटकटीनंतर एक तरी गोष्ट मनासारखी झाली.

२० फेब्रुवारी

सर्जनबाईंनी ऑपरेशन रद्द केलं. गोळ्या चालू, सहा महिन्यांनी परत बघू. संध्याकाळी ताईकडे जाऊन सांगितलं. भाऊजी खूश. "बघ, मी म्हणत नव्हतो? टेन्शन घेतेस नुसतं."

ताई म्हणाली, "पण काल कात्री पडली हातातून."

"कात्री कोणाच्या हातून पडत नाही?" मी म्हटलं. "आमच्या सिस्टरपेक्षा तुझा आकडा फक्त दोनने कमी आहे. ती बाई तीन जणांचं काम करते."

"हात आपोआप सुटला रे. मी सोडला नाही."

"ताई, एकदा तसं झालं म्हणून आता प्रत्येक वेळी तुला तेच वाटणार. मनाचे खेळ असतात हे. मी रोज बघतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. तू आतून बघितलंयस. तू म्हणतोस तर बरं."

पटलं तिला. मला वाटलं होतं तासभर वाद घालेल.

१ मार्च

आज मोठ्या डॉक्टरांपुढे आमच्या पद्धतीचं सादरीकरण होतं. टाळ्या मिळाल्या. किडनीच्या डॉक्टरांनी तर उठून हात मिळवला. पहिला फोन ताईला केला. सगळं रंगवून सांगितलं, आणि पलीकडून हूं नाही की चूं नाही. नुसता श्वास. "ऐकतेस ना?" तरी श्वास. शेवटी भाऊजींनी फोन घेतला. "बोलत नाहीये ती. रुसलीय वाटतं. नंतर करेल."

कशाबद्दल रुसली? अभ्र्यांवरून बोललो म्हणून? भावाचं कौतुक दोन शब्दांत संपतं, तेवढेही तोंडातून निघेनात. रात्रीच्या जेवणावरही माझं लक्ष नव्हतं. बायको म्हणाली, "जाऊन बघून ये ना एकदा." मी म्हटलं, मी का जाऊ? तिने करावा फोन.

२ मार्च

केला तिने फोन. "झोप लागली होती रे." दुपारी चार वाजता, फोन कानाला लावून? पण मी ताणलं नाही. आवाज जरा जड होता. सर्दी झालीय म्हणाली.

८ मार्च

माझी नवी पँट ताईच्या दुकानात उंची कमी करायला दिली होती. घालून बघितली तर एक पाय आखूड, एक लांब. बायको हसून हसून वेडी झाली. मी पँट घेऊन दुकानात गेलो.

ताई काउंटरमागे बसली होती, उजवा हात मांडीवरच्या कापडाखाली. डाव्या हाताने खडूची रेघ मारत होती आणि रेघ थरथरत होती.

"डावखुरी कधीपासून झालीस?"

"उजव्याचा कंटाळा आला."

"माझा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड केलायस. वय झालं तुझं."

एरवी यावर तिने मला पट्टीने मारलं असतं. आज पँट उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "ठेवून जा. तुझ्या भाऊजींना दाखवू नकोस." मी विचारलं, बरी आहेस ना? तर म्हणते, "तुझा रिपोर्ट चांगला आहे ना? मग मी बरीच असणार." माणूस बरं असूनही चिडचिड करतं, याला औषध नाही. आमच्या घरात तो गुण वडिलांकडून आलाय, मला एकट्याला नव्हे.

१५ मार्च

छातीत जळजळ. बायकोने डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही, थेट फर्मान: कॉफी बंद. कालपासून एक थेंब नाही. डोकं असं ठणकतंय की कोणी आत बसून खिळे ठोकतंय. डिपार्टमेंटमध्ये तीन जणांना ओरडलो, त्यातला एक पेशंटचा मुलगा होता. त्याची माफी मागितली.

१७ मार्च

हे लिहायलाच हवं, नीट क्रमाने.

वीस जणांतल्या एकाला अर्धशिशी आहे असं निघालं, म्हणून त्याला काढून टाकायचं ठरलं. जागा भरायला सकाळी मी स्वतःच आत झोपलो. बाहेर आलो. चित्र बघितलं तर लखलखीत. आकडा एकसष्ट. पुस्तकातला!

मी उखडलो. वीस वेळा पंचेचाळीस देणारं यंत्र आज एकसष्ट देतंय म्हणजे त्याचं डोकं फिरलंय, आता कशावरच भरवसा नाही. होऊन-जाईलला फोन लावून नको ते बोललो. तो म्हणाला, "सर, परत एकदा करून बघा, होऊन जाईल." रागाच्या भरात बायकोचं फर्मान मोडलं आणि एकापाठोपाठ दोन कप कॉफी प्यालो. डोकेदुखी उतरली. तासाभराने परत आत झोपलो.

चव्वेचाळीस.

टेक्निशियन बाईंनी साधाच प्रश्न विचारला, "सर, मधे काय केलंत?"

"काही नाही हो. कॉफी प्यालो."

हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मी तिथेच थांबलो. कॉफीने मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, शिकत असताना पाठ केलं होतं. डोकेदुखीच्या गोळीत कॉफीतलंच द्रव्य घालतात ते त्याचसाठी, हे मी विद्यार्थ्यांना स्वतः सांगतो. आणि वीसच्या वीस माणसांना मी स्वतःच्या हाताने, आग्रह करकरून कॉफी पाजली आणि मग त्यांच्या मेंदूत रक्त कमी का म्हणून कंपनीशी भांडत बसलो. बाटलीवर यंत्र बरोबर होतं कारण बाटलीला मी कॉफी पाजली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

हे सगळं एका बाजूला राहू दे. ताई कॉफी प्यायली नव्हती.

पाणी मोजून असतं म्हणून प्यायली नव्हती. तिचे त्रेचाळीस हे कॉफीशिवायचे त्रेचाळीस होते. साठच्या जागी त्रेचाळीस, दोन्ही बाजूंना. मेंदू उपाशी होता आणि मी नॉर्मल लिहून सही केली.

सुरुवातीला मला वाटत होतं की काहीतरी चुकतंय. ते बरोबर वाटत होतं. मग मी कंटाळलो. चूक शोधायचा कंटाळा आला म्हणून मी चुकीलाच नॉर्मल म्हटलं आणि भिंतीवर लावलं. माझी मला इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. कागद फाडून टाकला.

सर्जनबाईंना तिथूनच फोन केला. काहीही न लपवता सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी बहिणीला घेऊन या. आज त्यांना एकटं ठेवू नका." ताईकडे गेलो आणि त्यांच्याकडेच झोपतो म्हणालो. तिने विचारलं, "बायकोने हाकललं का?" मी हो म्हटलं.

१८ मार्च

सकाळी स्कॅन केला. एक्केचाळीस. फेब्रुवारीपेक्षाही खाली. आणि मेंदूच्या नेहमीच्या चित्रात डाव्या बाजूला वाटाण्याएवढा एक पांढरा ठिपका. फेब्रुवारीच्या चित्रात तो नाही, मी तीनदा ताडून पाहिलं. तेवढा भाग गेला. तो परत येत नाही.

बैल गेला आणि झोपा केला.

सर्जनबाई म्हणाल्या, चार दिवसांत करू, किडनीवाल्यांना बरोबर घेऊ, धोका आहेच. मग ताईला सांगायचं काम माझं. बाहेरच्या खोलीत ती आणि भाऊजी बसले होते. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि सगळं सांगितलं. कॉफी, वीस माणसं, त्रेचाळीस, ठिपका. "ताई, तुझा रिपोर्ट चुकला. मी चुकवला. तुझ्या मेंदूला रक्त खरंच कमी पडतंय."

भाऊजींचा चेहरा उतरला. ताईचा मात्र उजळला. खरंच उजळला. तिने भाऊजींच्या दंडाला धरून हलवलं.

"ऐकलंत? ऐकलंत ना? मी नाटकं करत नव्हते!"

"असं कोण म्हणालं?" भाऊजी पुटपुटले.

"तुम्ही म्हणालात. हा म्हणाला. मीसुद्धा म्हणत होते. रात्री पडल्या पडल्या वाटायचं, किडन्या गेल्या, आता डोकंही फिरलं." आणि ती रडायला लागली. वाईट बातमी ऐकून सुटल्यासारखं रडणारं माणूस मी याआधी पाहिलं नव्हतं. मला तिच्याजवळ जायचं होतं, पण जायचा हक्क आपल्याला आहे का, ते कळेना. भाऊजींनी तिला जवळ घेतलं. मी खुर्चीवरच बसून राहिलो.

२३ मार्च

ऑपरेशन काल झालं. सहा तास. डायलिसिसचं यंत्र शेजारच्या खोलीत तयार ठेवलं होतं. सर्जनबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "जोड नीट बसलाय, रक्त वाहतंय." मी जिन्यात जाऊन बसलो आणि बराच वेळ तिथेच राहिलो. बायको शोधत आली. ती शेजारी बसली.

३० मार्च

मधे लिहिलं नाही. वीस माणसांना परत बोलावतोय, कॉफीशिवाय. सगळ्यांना कारण सांगतो. सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे आमच्या डोक्यात रक्त आहे तर!" हसल्या, आणि माझं तोंड बघून लगेच आत गेल्या. त्याच पंचेचाळीसच्या मापाने दुसऱ्या कोणाला रिपोर्ट गेला नाही ना, ते बघून घेतलं. दोन पेशंट निघाले. दोघांनाही स्वतः फोन करून बोलावलं. एक गृहस्थ इतके चिडले की फोन कानापासून लांब धरावा लागला. त्यांचं बरोबर होतं.

मोठे साहेब म्हणतात, चौकशी होईल, पण तू चूक स्वतः सांगितलीस हे लक्षात घेतलं जाईल. घ्या लक्षात. त्याने ठिपका पुसला जाणार नाही.

४ एप्रिल

ताईला आज टाके दाखवायला नेलं. भाऊजी दुकानात होते, म्हणून मी गेलो. ऑपरेशननंतरचं चित्र मी पाहिलंय, सत्तावन्न. बोलणं स्वच्छ आहे. हात उचलते, पेला धरते. फक्त उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तिची राहिलेली नाहीत. व्यायामाने थोडं सुधारेल, फार नाही.

सर्जनबाई बोटं तपासत होत्या. एकेक हलवून बघत विचारत होत्या, आणि ताई सांगत होती. वाकडी टीप आली तेव्हा सुई बोटाला लागली होती आणि तिला कळलंच नव्हतं. मी फोन केला त्या दुपारी शब्द डोक्यात होते, तोंडात येईनात. एकदा न्हाणीघरात पडली, तर भाऊजींना म्हणाली साबणावरून पाय घसरला. माझ्या पँटची तिने तीनदा मापं घेतली होती. दुकान बंद करून मागच्या खोलीत ती रोज हात चालवायचा सराव करायची, कोणाला दिसू नये म्हणून. एवढं सगळं तिने माझ्या देखत पहिल्यांदाच सांगितलं आणि सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

सर्जनबाईंचं पेन थांबलं. "हे सगळं होत होतं, तर मला एक फोन का नाही केलात?"

ताईने थोडा विचार केला. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"तुमच्याकडे रिपोर्ट होता, डॉक्टर. माझ्याकडे नुसता हातच होता."

ताईने डाव्या हाताची दुमडलेली बाही खाली केली आणि मनगट माझ्यापुढे धरलं. "बटण लाव रे एवढं. या बोटांनी होत नाही."

मी लावायला गेलो. मला ते दोन-तीनदा जमलं नाही. ती थांबून राहिली.